ठणाणा फौजेची आणि न पांघरलेल्या शालीची हकीकत

॥ श्री कर्णेंद्रियें रक्षोत ॥

राजमान्य राजश्री वाचक मंडळी, कानांनी शाबूत आणि मनानें उदार, यांचे सेवेसी अज्ञात कलमदाराचा दंडवत विनंति उपरी विशेष. आपण पुसिलें जे, ठणाणा नामें चौघांची फौज नगरींत उदयास आली ती कोण, तिनें कोठें कोठें स्वाऱ्या केल्या, आणि शके एकोणीसशें चाळीस, विलंबी नाम संवत्सरीं भर सत्कार-दरबारांत काय वर्तमान जाहलें, तें साद्यंत लिहून पाठवणें. त्यास, लिहितों. नगरीचें नांव मात्र लिहीत नाहीं, कारण नांव लिहिलें तर नगरपतींस राग येईल, आणि या कलमदाराचे नळास पाणी याच नगरीचें येतें.

तर ऐशी ही नगरी. नदीचे कांठीं वसलेली, नदीपेक्षां गटार मोठें, आणि गटारापेक्षां नगरपतींचे फलक मोठे. नगरपती दादासाहेब यांचें राज्य तीन निवडणुका अखंड चाललें, आणि तें तलवारीनें नव्हे, बंदुकीनें नव्हे, तर शालीनें. कोणी कवि उठून वेडेंवांकडें लिहूं लागला कीं त्याचा सत्कार करावा, कोणी शिक्षक उपोषणास बसला कीं मंडपांत जाऊन त्याचे अंगावर शाल घालावी, मोर्चा आला कीं मोर्च्याचे म्होरक्यास श्रीफळ द्यावें, मग तो म्होरका एका हातीं नारळ आणि दुसऱ्या हातीं शालीचें टोंक धरून उभा राहतो, आणि मूठ वळण्यास त्यास हातच उरत नाहीं. ऐसे किती शूर या शालीखालीं गारद जाहले त्याची गणती नाहीं. आणि या शालींच्या घड्या घालून, ताटांत रचून, व्यासपीठापर्यंत नेण्याचें काम ज्यांनीं चौतीस वर्षें केलें ते सोपानराव ओव्हाळ, सफाई खात्याचे मुकादम. सकाळीं सहा वाजतां हजेरी-शेडींत उभें राहून ऐशीं माणसांची हजेरी घ्यावी, दिवसभर गल्ल्या झाडून घ्याव्या, आणि दरबार असला कीं इस्त्रीचा सदरा घालून शालींचें ताट धरावें. सोपानरावांचा आवाज ऐसा जे, त्यांनीं शेडींत नांव पुकारलें तर माणूस घरून धांवत येई. परंतु त्यांचे स्वतःचे खांद्यावर शाल कधीं पडली नाहीं. ते निवृत्त जाहले त्या दिवशीं निवृत्त होणारे सातजण आणि मंजूर शाली सहा, तेव्हां ताट धरणारे सोपानराव आपणच बाजूस सरकले आणि सहांच्या सहा दुसऱ्यांस देऊन रित्या ताटासह घरीं आले.  त्यांची कन्या प्रज्ञा हिनें तें रितें ताट पाहिलें, आणि तें तिचे पोटांत रुतून बसलें.

ही प्रज्ञा सोपान ओव्हाळ म्हणजेच ठणाणा फौजेची सरदारीण. विलायतेंत पंक रॉक म्हणून एक विद्या आहे. तीस गुरु लागत नाहीं, रियाज लागत नाहीं, परवानगी तर मुळींच लागत नाहीं. गिटारीचे तीन सूर, ढोलाचा दणका आणि अंगांत संताप, इतकी शिदोरी पुरे. संताप प्रज्ञापाशीं मुबलक होता. मग तिनें कॉलेजांत आपल्याऐसेच तिघे जमविले. अस्लम बागवान हा गिटारीवर, घरची केळ्यांची गाडी, बोटें लांब आणि जीभ त्याहून लांब. मृणाल देवधर ही बेस गिटारीवर, उंच, आणि दिवसाकाठीं नऊ शब्द बोलणारी. आणि ढोलांवर दत्तू कासार, ज्यानें बापाचे भांड्यांचे दुकानांत पातेलीं बडवून बडवून हात साधला, आणि पोचे आलेलीं पातेलीं गिऱ्हाइकांस नक्षी म्हणून विकलीं. फौजेचा सराव ओव्हाळांचे घरीं, पत्र्याचे छपराखालीं, पुढील खोलींत चाले, आणि मागील खोलींत सोपानराव कानांत कापूस घालून बसत. प्रज्ञा मनीं म्हणे, आबांना त्रास होतो, पण बोलत नाहींत. आणि आबा खरेंच बोलत नसत, सराव सरला कीं चौघांस चहा करून देत आणि “झालं का?” इतकेंच पुसत.

फौजेचे कायदे दोन, आणि ते दत्तूचे मोठ्या ढोलाचे पोटांत, आंतील अंगास, प्रज्ञानें स्वहस्तें लिहिले. पहिला, कोणतेंही गाणें दोन मिनिटांवर जाऊं नये, कारण दोन मिनिटांवर राग टिकत नाहीं, त्याचें दुःख होतें. दुसरा, जो कोणी शाल पांघरेल तो त्याच क्षणीं फौजेंतून बाद, मग तो कोणी का असेना. मग फौजेनें स्वाऱ्या सुरू केल्या. पहिली स्वारी स्कूटर दुरुस्तीचे गॅरेजांत, जेथें ऐकणारे अकरा आणि त्यांतील सहांच्या स्कूटरी तेथें अडकल्या म्हणून थांबलेले. दुसरी एका लग्नांत, जेथें चुकून बोलावणें आलें, आणि नवरदेवाची आत्या इतकी नाचली कीं तिचे गुडघ्याचें दुखणें चार दिवस बळावलें. पुढें कॉलेजांची संमेलनें, शेजारची दोन शहरें, एक कारखान्याचें उपहारगृह, ऐसा मुलूख वाढत गेला. एक मोठी कंपनी वकील पाठवून म्हणों लागली जे, तुमची तबकडी आम्ही काढतों, मात्र संताप थोडा कमी करा आणि प्रेमाचें एक गाणें घाला. त्यास मृणालनें त्या दिवसाचे नऊ शब्दांपैकीं एकच वापरला, आणि तो येथें लिहितां येत नाहीं. मग फौजेनें आपली तबकडी आपणच केली, दत्तूचे दुकानांत, पातेल्यांचे मधोमध बसून, सबब त्या तबकडींत शेवटीं एक झाकण पडल्याचा आवाज आजही ऐकूं येतो.

त्या तबकडींतील तिसरें गाणें ‘कचरा उचला’. हें गाणें प्रज्ञानें रागानें लिहिलें, आणि राग नगरीवर, सफाई खात्यावर, दादासाहेबांवर. सोपानराव जेवतां जेवतां हसत सांगत जे, गल्ल्यांसाठीं आलेले नवे डबे साहेबांचे बंगल्यावर गेले आणि त्यांत गुलाब लाविले, आज मीच खताच्या पाट्या टाकून आलों; किंवा हातमोजे आले म्हणून कागदावर सह्या घेतल्या, मोजे काय दिसले नाहींत बुवा. सांगणारा हसे, ऐकणारी ताट बाजूस सारी. तें सारें तिनें गाण्यांत ओतलें. परंतु येथें फौजेची एक चूक जाहली, आणि ती चूक दुसरा कोणी गवई करूं शकला नसता. दोन मिनिटांचा कायदा होता, आणि सांगणें तर फार होतें. मग पांच मिनिटांचें गाणें दीड मिनिटांत बसविलें. दत्तू ढोल ऐसा पिटी, अस्लम गिटार ऐशी करवती आणि प्रज्ञा ऐशी सुसाट ओरडे कीं ‘कचरा उचला! कचरा उचला!’ इतकें पालुपद तेवढें माणसांस कळे, आणि बाकीचे शब्द वाऱ्यावर जात. फौजेस हें ठाऊक नव्हतें. गाणाऱ्यास आपले शब्द पाठ असतात, म्हणून त्यास वाटतें जगास ऐकूं येतात.

मग काय जाहलें, तें ऐकावें. नगरींत सकाळीं घंटागाडी येते आणि तिजवरील कर्ण्यांतून स्वच्छतेचें गाणें वाजतें, तें ऐकून लोक डबे घेऊन खालीं येतात. तें जुनें गाणें इतकें झिजलें कीं त्यांतून खरखर तेवढी येऊं लागली. दादासाहेब बोलिले, नवें गाणें आणा, जोशाचें आणा, आणि खर्च नको. मग सफाई खात्याचे एका कारकुनानें मोबाईलवर ‘कचरा’ म्हणून शोध केला, तों ठणाणा फौजेचें गाणें सांपडलें. तें दरबारांत वाजविलें. कारभारी माना डोलवूं लागले. दादासाहेब मांडीवर थाप मारून बोलिले, “वा! याला म्हणतात तरुणाई! शब्द नाही कळत, पण भावना पोचली!” आणि गाणें मंजूर जाहलें. दुसरे दिवशीं नगरीचे बावीस घंटागाड्यांवर सकाळीं सातास प्रज्ञा ओरडूं लागली. तो आवाज ऐसा कीं ज्याचे कानीं पडला तो पांघरूण फेंकून उठला, लोक धांवत डबे घेऊन आले, जी फेरी दुपारीं सरे ती नवास सरूं लागली, आणि सहा महिन्यांत वरिष्ठ दरबाराकडून नगरीस स्वच्छतेचें बक्षीस आलें. प्रज्ञानें जीव तोडून सांगितलें. कोपऱ्यावर डबा घेऊन उभ्या एका बाईस म्हणाली, “काकू, हे गाणं कौतुकाचं नाही. यात नगरपालिकेला शिव्या आहेत.” ती बाई म्हणाली, “असूं दे गं, पाय कसे आपोआप उचलतात.” मग प्रज्ञा घरीं येऊन उशींत तोंड खुपसून ओरडली, आणि अस्लम म्हणाला, “अगं, चांगलंय की. रोज सकाळी अख्खं शहर आपल्याला ऐकतंय. आपल्याआधी हा मान फक्त कोंबड्याला होता.”

पुढें जें व्हावयाचें तेंच जाहलें. मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, सकाळीं अकरा वाजतां, नगरपालिकेचे सभागृहांत ठणाणा फौजेचा सत्कार करावा ऐसें ठरलें आणि पत्रिका छापिल्या. फौज हंसली. प्रज्ञानें पत्रिका फाडण्यास घेतली, तों तिचे नजरेस खालील ओळ पडली. बारीक अक्षरांत छापिलें होतें, ‘आदर्श पालक म्हणून श्री. सोपानराव ओव्हाळ, निवृत्त मुकादम, यांचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार.’ आणि ती फाडण्यापूर्वीं दुसरी पत्रिका घरीं पोंचलीही होती. ती सोपानरावांनीं टीव्हीवर उभी करून ठेविली, ऐशी कीं दारांतून येणाऱ्यास आधीं पत्रिका दिसावी आणि मग माणसें. शिंप्याकडे सफारी टाकिली. न्हाव्याकडे जाऊन आले. आणि एके दुपारीं प्रज्ञा अवचित घरीं आली, तों मागील खोलींत आबा आरशापुढें उभे, खांद्यावर पलंगपोस घेतलेला, आणि दोन्ही हात जोडून, मान किंचित लववून, कोणास तरी नमस्कार करीत होते. मग त्यांनीं पलंगपोस काढला, घडी घातली, पुन्हां खांद्यावर घेतला. हजार शालींच्या घड्या घालणाऱ्या माणसास ती कैशी घ्यावी हें ठाऊक नव्हतें. प्रज्ञा दारांतूनच उलटी फिरली आणि रस्त्यावर उभी राहून रडली. तिला रडूं आलें तें रागाचें होतें कीं मायेचें, हें तीसही कळेना.

आतां पेंच ऐसा पडला. सत्कार फौजेचा आणि आबांचा एकत्र. फौज न गेली तर दरबारच भरणार नाहीं आणि आबांची शाल पुन्हां हुकेल. फौज गेली आणि आबांनीं शाल घेऊन प्रज्ञानें नाकारली, तर भर सभेंत आबांची मान खालीं. आणि प्रज्ञानें शाल घेतली, तर तिनेंच लिहिलेल्या कायद्यानें ती फौजेंतून बाद, आणि प्रज्ञावांचून फौज कसली. मग दत्तूचे दुकानांत खलबत बसलें. प्रज्ञा म्हणाली, “मी घेणार. आबांसाठी घेणार. आणि कायदा म्हणजे कायदा. त्या दिवसापासून मी बँडमध्ये नाही.”  मग अस्लम म्हणाला, “हे बघ, कायदा आपण पाहिलं तर लागू होतो ना? ते शाल घालतील तेव्हा आम्ही तिघं खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधू. आम्ही काही पाहिलंच नाही.” दत्तू म्हणाला, “मी चपला घालतो.” अस्लम म्हणाला, “मग तू चप्पल शोध.” मृणाल म्हणाली, “मी दोन्ही पायांच्या बांधीन.” हे तिचे चार शब्द, आणि ते ऐकून प्रज्ञाचे डोळे भरून आले, परंतु ती बधली नाहीं. म्हणाली, “दुसऱ्यांनी घेतली की आपण गाण्यातून फाडतो आणि आपल्यावर आली की नाड्या बांधायच्या? मग आपल्यात आणि दादासाहेबांत काय फरक?”  मग दत्तूनें ढोलाचें कातडें सोडवून आंतील कायदा पुन्हां एकदां वाचला, कांहीं फट सांपडते का पाहिली, आणि न सांपडल्यावर कातडें परत आवळलें.

पंचमीचा दिवस उजाडला. सभागृह भरावें म्हणून सफाई खात्याची ऐशीं माणसें नेहमीप्रमाणें आणून मागील खुर्च्यांवर बसविलीं. व्यासपीठावर फौज बसली, शेजारीं सोपानराव नव्या सफारींत, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि ताट धरण्यास यंदा दुसरा शिपाई, गोरख नांवाचा, ज्यास सोपानरावांनींच हें काम शिकविलें. ताटांत पांच शाली, पांच नारळ. सूत्रसंचालक बहुत गोड बोले, परंतु दादासाहेब आले नव्हते. सव्वाअकरा जाहले, पावणेबारा जाहले, सूत्रसंचालकाची शेरोशायरी संपली, मग विनोद संपले, मग त्यानें घाम पुसला आणि म्हणाला, “प्रमुख पाहुणे वाटेतच आहेत, तोवर आदर्श पालक सोपानराव ओव्हाळ यांनी दोन शब्द बोलावेत.”  आबा चौतीस वर्षें व्यासपीठावर चढले, पण बोलण्यास कधीं नव्हे. सोपानराव उठले. ध्वनिक्षेपक त्यांनीं हळूच बाजूस सारला, कारण त्याची त्यांस गरज नव्हती, आणि म्हणाले:

“मला काय भाषण येत नाही. माझ्या लेकीचं गाणं तुम्ही रोज ऐकता. सगळे म्हणतात लई जोशात आहे, पण शब्द कळत नाहीत. मला कळतात. ह्यांची प्रॅक्टिस आमच्याच घरात चालायची. मी कानात कापूस घालायचो.” आणि थांबून, प्रज्ञाकडे न पाहतां, म्हणाले, “पण एकाच.”

प्रज्ञानें मान वर केली. सोपानराव हात मागें बांधून ताठ उभे राहिले, जैसे हजेरी-शेडींत उभे राहत, आणि हजेरीचे त्याच संथ, खणखणीत आवाजांत, एकेक शब्द सुटा करून, त्यांनीं गाणें म्हणण्यास प्रारंभ केला.

“शंभर डबे मंजूर.”

आणि संवयीनें थांबले. मागील खुर्च्यांवर ऐशीं माणसें बसलीं होतीं, ज्यांचे कान या आवाजास वर्षानुवर्षें सरावलेले. त्यांतून दहा-बारा जण नकळत ओरडले, “हजर!” सभागृहांत हंशा जाहला.

“गल्लीत आले चार.”

“हजर!” आतां पन्नासजण होते, आणि नकळत नव्हते.

“बाकीचे कुठं?”

 मग मागून शेवंताबाई नांवाची झाडूवाली उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून गरजली, “गैरहजर!” नेमके त्याच वेळीं दादासाहेब मागील दारानें आंत येत होते. त्यांस वाटलें आपलीच चौकशी चालली, म्हणून हात जोडून हंसत म्हणाले, “आलो, आलो!” तेव्हां जो हंशा फुटला त्यानें छताचा पंखा हालला. दादासाहेब हंसत हंसत पुढें आले, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत पोंचले तों पुढील ओळ त्यांचे कानीं पडली.

“बाकीच्यांत गुलाब लावून साहेब झाले गार.”

“हजर!” ऐशींच्या ऐशीं जण उभे राहिले. दादासाहेबांचें हंसूं तोंडावरच राहिलें, काढावें कीं ठेवावें हें त्यांस सुचेना. कारभारी सूत्रसंचालकाकडे पाहूं लागले, सूत्रसंचालक छताकडे. परंतु सोपानराव थांबले नाहींत. “हातमोजे आले म्हणता, कुणी पाहिले काय? कागदावर पाच बोटं, हाताला काहीच नाय.” आणि प्रत्येक ओळीस मागून कधीं “हजर” कधीं “गैरहजर” ऐसा घोष उठे, आणि नगरींतील लोकांस सहा महिन्यांनीं प्रथमच कळलें कीं आपण कोणत्या गाण्यावर डबे घेऊन धांवतों. प्रज्ञा आबांचे पाठीकडे पाहत होती. ते भोळेपणीं म्हणत होते कीं जाणून, तें तीस कळेना. तितक्यांत आबांचा पाठीमागे बांधलेला हात तिला दिसला. उजव्या हाताचा आंगठा तिच्याकडे करून ते हळूच ताल धरीत होते. तेव्हां तीस कळलें कीं आबांस सारें ठाऊक आहे, शालीचा कायदाही ठाऊक आहे, कारण ढोलाचें कातडें बदलावयास घरींच सोडवीत आणि आबांस वाचतां येत होतें.

मग शेवटलें कडवें आलें. हें कडवें फौजेनें इतकें जलद गाइलें होतें कीं अस्लमलाही त्याचे शब्द धड ठाऊक नव्हते.

“नाक दाबून जातोस शहरा, तुझाच तुला वास,” सोपानराव म्हणाले, आणि या ओळीस कोणी हजर म्हणालें नाहीं. “माझ्या बापानं उचलला तो...”

आणि येथें त्यांचा आवाज बसला. जो आवाज चौतीस वर्षें ऐशीं नांवें एका दमांत घेई, तो चार शब्दांवर अडला. ते नुसते उभे राहिले.  मग प्रज्ञा उठली, ढोल नाहीं, गिटार नाहीं, आणि आबांचे शेजारीं उभी राहून, जन्मांत प्रथमच हळू, तिनें ती ओळ गाइली:

“माझ्या बापानं उचलला तो, दिवस, वर्षं, मास,
तीनदा हात धुऊन मग मला भरवला घास.”

मागें शेवंताबाईनें पदर डोळ्यांस लावला. दत्तूनें चप्पल शोधण्यास खालीं मान घातली आणि बराच वेळ वर केली नाहीं. अस्लम आणि मृणाल नाड्या बांधूं लागले, यद्यपि शाल अजून ताटांतच होती. आणि दादासाहेबांनीं गोरखाकडे पाहून नुसती बोटानें खूण केली, म्हणजे ताट परत न्यावें. सत्कार रद्द, पाहुण्यांस तातडीचें काम, सूत्रसंचालकानें राष्ट्रगीत सुरू केलें. ताट घेऊन गोरख निघाला, आणि सोपानरावांजवळून जातां जातां, वर न पाहतां, त्यानें ताटांतला एक नारळ उचलून त्यांचे हातीं दिला आणि पाऊल न थांबवितां बाहेर पडला. शाली गेल्या त्या गेल्याच.

 प्रज्ञा घरीं येऊन म्हणाली, “आबा, तुमची शाल राहिली. माझ्यामुळे राहिली.” सोपानराव सफारीचें बटण सोडवीत म्हणाले, “राहू दे गं. मी चौतीस वर्षं घड्या घातल्यात. त्यात लोकर नसतेच.” मग नारळ मधोमध ठेवून फौजेचें खलबत बसलें जे, कायद्यांत शाल आहे, नारळाचें काय? अस्लम म्हणाला, नारळ शालीसोबतच येतो, सबब दोषी. दत्तू म्हणाला, नारळाचे अंगावर कांहींच नाहीं, तो तर शालीचा वैरीच. शेवटीं मृणाल उठली आणि तिनें नारळ उंबऱ्यावर फोडला, आणि पुराव्याची चटणी करून सर्वांनीं भाकरीशीं खाल्ली. या चटणींत मीठ थोडें अधिक जाहलें ऐसी एक आख्यायिका आहे.

दुसरे दिवशीं हुकूम सुटला जे, घंटागाडीवरील गाणें बंद. गाड्या मुक्याने फिरूं लागल्या आणि कोणी डबा घेऊन खालीं येईना, कारण कोणास कळेना गाडी आली कधीं. मग तिसरे दिवशीं शेवंताबाई गाडीपुढें चालत निघाली आणि हजेरीचे संथ आवाजांत तिनें पुकारा केला, “शंभर डबे मंजूर!” आणि वरच्या गॅलरीतून पुरुष, बायका, पोरें ओरडलीं, “हजर!” “गल्लीत आले चार!” “हजर!” “बाकीचे कुठं?” आणि सारी गल्ली एका स्वरें, “गैरहजर!” हुकूम कर्ण्यावर चालतो, गॅलरीवर चालत नाहीं. ऐसें पंधरवडा चाललें, आणि एके सकाळीं गल्लोगल्लीं कोपऱ्यांवर नवे डबे उभे दिसले. कोणी आणले, कोणी ठेविले, कोणास ठाऊक नाहीं. त्यांतील माती काढण्यासही कोणास सवड झाली नव्हती, सबब प्रत्येकांत एक गुलाब होता. ओव्हाळांचे गल्लींत जो डबा आला त्यांतील गुलाब सोपानरावांनीं उपटला नाहीं, उकरून दारांत लाविला, आणि रिता डबा धुवून कोपऱ्यावर नेऊन ठेविला.

आणि फौजेचें काय, म्हणाल तर, प्रज्ञा बाद जाहली नाहीं, कारण शाल पांघरलीच नाहीं. मात्र तिनें ढोलाचे पोटांतील पहिला कायदा खोडला, आणि ठणाणा फौज आतां एक गाणें सावकाश गाते, तीन मिनिटें पुरतीं, विलंबी संवत्सराची आठवण म्हणून. आणि प्रत्येक स्वारीस, गिटारीचे तारेवर बोट पडण्यापूर्वीं, एक निवृत्त मुकादम व्यासपीठाचे कडेस येऊन हात मागें बांधून उभे राहतात आणि फौजेची हजेरी घेतात. दत्तू कासार, हजर. अस्लम बागवान, हजर. मृणाल देवधर, नुसता हात वर. आणि शेवटीं ते किंचित थांबतात आणि म्हणतात, “प्रज्ञा सोपान ओव्हाळ,” आणि ती जी “हजर, आबा!” म्हणून ओरडते, तो त्या संध्याकाळचा पहिला आवाज असतो, आणि तेवढा मात्र सर्वांस नीट कळतो.

येणेंप्रमाणें ठणाणा फौजेचें वर्तमान जैसें कानीं पडलें तैसें लिहिलें. फौज न वांकली, नगरपती न सुधारले, नगरीस डबे मिळाले. कलमदाराचे नळास पाणी गेले चार दिवस आलें नाहीं, त्यावरून बखर योग्य स्थळीं पोंचली ऐसें दिसतें. बहुत काय लिहिणें, कान जपावे.